चतकोर पुरत नाही

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या कॉलेजच्या फाटकातून आत शिरले की डाव्या हाताला गाड्या लावायची शेड लागते. परवापरवापर्यंत त्या शेडखाली एक तांबडी कुत्री झोपलेली असायची. तिला कोणी तांबू म्हणत, कोणी मॅडम. परीक्षेच्या दिवशी तिला ओलांडून गेले की पेपर सोपा जातो, अशी प्रथम वर्षाच्या वर्गात एक श्रद्धाही होती. मी दोनदा ओलांडून पाहिले. अर्थशास्त्राने दाद दिली नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज भरले तेव्हा कँटीनमध्ये एकच विषय होता. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला होता की शाळा, कॉलेजे, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली भटकी कुत्री हलवावीत, त्यांची नसबंदी व लसीकरण करावे आणि त्यांना पुन्हा त्याच जागी सोडू नये. म्हणजे तांबू जाणार. झाले! लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणाला, "बरे झाले, ब्याद टळली." दुसरा म्हणाला, "मुक्या जनावरावर हा अन्याय आहे." दोन्ही पक्षांनी आपापला चहा संपवला आणि तासाला निघून गेले. तांबूने जायचे कुठे, हे मात्र कोणीच विचारले नाही. मला त्याविषयीच चार शब्द लिहायचे आहेत.

आधीच सांगून टाकते, मी प्राणिप्रेमी वगैरे नाही. मागच्या वर्षी माझ्या धाकट्या भावाला आमच्या सोनिवलीत, घराच्या वळणावरच कुत्रा चावला. तो पाचवीत होता, शिकवणीहून येत होता. आजीने तिच्या समजुतीप्रमाणे जखमेत तिखट भरले. शेजारच्या मावशी चुना घेऊन धावल्या. दुसऱ्या दिवशी बाबा कारखान्यात खाडा करून त्याला एका सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथे एक औषध संपलेले होते, म्हणून दुसरीकडे पाठवले. पुढे लसीच्या चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला बाबांचा एक खाडा. कुत्रा चावला भावाला, पण पगार कापला गेला बाबांचा. मला नंतर कळले की जखम आधी साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची असते. तिखट नाही, चुना नाही, हळदही नाही. आणि मग वेळ न घालवता दवाखाना गाठायचा असतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. आमच्या घरात ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, आणि मलाही ठाऊक नव्हती!

त्या महिन्यात मला कोणी विचारले असते तर "गावातली सगळी कुत्री उचलून न्या" असेच मी म्हटले असते. म्हणून कँटीनमधल्या पहिल्या पक्षाला मी निर्दय म्हणणार नाही. कुत्रा चावतो तो बहुधा पायी चालणाऱ्याला. मोटारीच्या काचेआडून बिस्किट टाकणाऱ्याला तो सहसा चावत नाही. पहाटे झाडू मारणारी बाई, रात्रपाळीहून परतणारा कामगार आणि शिकवणीहून येणारे पोर यांची भीती खरी आहे. ती भीती समजून न घेता भूतदयेवर व्याख्यान देणे सोपे असते.

पण मग ही कुत्री आली कुठून? आजी सांगते, तिच्या तरुणपणी सोनिवलीत कुत्री होतीच. प्रत्येक आळीत दोन-तीन. "कोणाचा गं कुत्रा?" म्हणून विचारले तर उत्तर मिळे, "आळीचा." दुपारच्या जेवणानंतर प्रत्येक घरातून भाकरीचा एक चतकोर त्याच्यासाठी निघे. त्या बदल्यात तो रात्री परक्या माणसावर भुंके आणि साप निघाला की आळी उठवी. कोणी ठराव केला नव्हता, पण व्यवहार चोख होता. आता शेतांच्या जागी इमारती आल्या. भाकरी टाकायला ओटा उरला नाही आणि चौथ्या मजल्यावरून आळी दिसत नाही. कोपऱ्यावर मात्र उघडा कचरा आहे, चिकनच्या दुकानामागे टाकलेली आतडी आहेत, हातगाडीखाली उष्टे आहे. कुत्र्याचे पोट पूर्वीपेक्षा जास्त भरते, पण त्याला ओळखणारे कोणी नाही. पूर्वी त्याला आळी होती, आता नुसता उकिरडा आहे.

"मारून टाका" हा उपाय नवा नाही. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत इंग्रजांच्या पोलिसांनी कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस घेऊन मारामारी आरंभली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, इतर धर्मांचे लोकही त्यांना मिळाले आणि शहराचे व्यवहार बंद पडले. तरीही पुढे मारणे चालूच राहिले. मुंबईत पालिका १९९० च्या दशकापर्यंत कुत्री मारत होती. कुत्री संपली का? नाही. कारण उकिरडा तसाच राहिला. एक मेला की त्याच्या जागी शेजारचा दुसरा येतो, आणि एका कुत्रीला वर्षात दोनदा पिल्ले होऊ शकतात. म्हणूनच २००१ साली, आणि सुधारून २०२३ साली, केंद्र सरकारने नियम केले की कुत्र्यांची नसबंदी करावी, लस टोचावी आणि त्यांना होती तिथे सोडावे. गोव्याने याचा पडताळा दिला. तिथे २०१३ पासून गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचली गेली, पुढे ती वर्षाला सुमारे एक लाखापर्यंत गेली, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लस कुत्र्याला टोचली तर माझ्या भावासारख्या कित्येकांच्या चार फेऱ्या वाचतील.

आता नव्या आदेशाने कॉलेजच्या आवारातली कुत्री तिथे परत सोडता येणार नाहीत. मग ठेवायची कुठे? "निवारा केंद्रात," असे आपण सहज म्हणतो. पण निवारा म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. रोजचे अन्न, पाणी, डॉक्टर, साफसफाई, आजारी जनावरासाठी वेगळी जागा, आणि हे सारे कुत्रा जगेल तितकी वर्षे. दाटीवाटीत एकाला आजार झाला तर तो सगळ्यांना होतो. म्हणून निवाऱ्याला मागचे दार हवे, म्हणजे आत आलेला कुत्रा कोणाच्या तरी घरी जायला हवा. सर्वोच्च न्यायालयानेच २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात ती वाट दाखवली आहे. इच्छुकाने पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यावा. मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची.

पण आपण दत्तक घेत नाही, विकत घेतो. बदलापूरच्या नव्या इमारतींतून संध्याकाळी पाहावे. बर्फात राहणाऱ्या जातीचा केसाळ कुत्रा आपल्या वैशाखात जीभ काढून धापा टाकत असतो. त्याच्यासाठी हजारो रुपये मोजलेले असतात. वर्ष-दोन वर्षांत हौस फिटते, बदली होते, सोसायटीत भांडण होते, आणि तोच कुत्रा एका सकाळी गळ्यातल्या पट्ट्यासकट रस्त्यावर दिसतो. रस्त्यात वाढलेल्याला निदान रस्ता ओलांडता येतो, याला तेही येत नाही. जनावर असे उपाशी मरायला सोडून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आणलेल्या विधेयकातून हा कायदा उभा राहिला. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये. आपल्या कँटीनमध्ये तिघांचा वडापाव त्यात होत नाही!

गावठी कुत्र्याला कमी समजणाऱ्यांनी फोर्टातले बॉम्बे हाउस आठवावे. टाटांच्या त्या मुख्य कचेरीत तुम्हा-आम्हाला दारावर अडवतील. रस्त्यावरची कुत्री मात्र खुशाल आत जातात. २०१८ च्या दुरुस्तीत त्यांच्यासाठी वेगळी खोली केली गेली. रतन टाटांच्या लाडक्या कुत्र्याचे नाव 'गोवा' होते, कारण तो गोव्याच्या रस्त्यावरून आला होता.

"टाटांचे ठीक आहे, आपल्या दोन खोल्यांत कुठे?" हा प्रश्न मलाही पडला. तांबूसाठी मी दत्तक देणाऱ्या एका संस्थेला फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारायला सुरुवात केली. घर स्वतःचे आहे का? खोल्या किती? घरात कोण कोण? वय काय? मी एकोणीस म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "उद्या तुझं लग्न झालं तर कुत्रीला कोण बघणार?" मी रागाने फोन ठेवला. पैसे मोजून कुत्रा नेणाऱ्याला दुकानदार हे विचारतो का? रात्री आईला सांगितले. वाटले, तीही चिडेल. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बरोबर विचारलं तिनं. कुत्रं बारा वर्षं जगतं. तू काय बारा वर्षं इथं बसणार आहेस? बघणार मीच." थोड्या वेळाने म्हणाली, "मग आधी मला विचारायचं होतंस."

ज्या बाईच्या पोराला कुत्रा चावला तिचे हे बोलणे ऐकून मी गप्प झाले. तिने एकच अट घातली, "ऑपरेशन आणि सुई झाल्याशिवाय उंबऱ्याच्या आत नाही." मग आम्ही चौघींनी वर्गणीची वही फिरवली. 'मुक्या जनावरावर अन्याय' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचे सुटे पैसे नेमके त्या दिवशी घरी राहिले होते. सर्वांत मोठी नोट दिली ती 'ब्याद टळली' म्हणणाऱ्याने! त्याला ती जायला हवी होती, आम्हाला ती न्यायची होती. पैसे एकाच वहीत जमले.

संत नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्रा पोळी घेऊन पळाला, तेव्हा कोरडी पोळी कशी खाशील म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. आपण त्यातले तूप लक्षात ठेवले, धावणे विसरलो. चतकोर टाकणे म्हणजे दया खरी, पण ती हात झटकून मोकळी होते. मागे धावणे म्हणजे जबाबदारी. ती बारा वर्षांची असते, तिच्यात लस आहे, ऑपरेशन आहे, आजारपण आहे, आणि भीती वाटणाऱ्या शेजाऱ्याचा विचारही आहे.

प्रत्येकाने कुत्रा घरी न्यावा असे मी म्हणत नाही. ज्याच्या घरी जमणार नाही त्याने नेऊच नये. नेऊन सोडून देण्यापेक्षा न नेणे चांगले. पण त्यालाही करण्यासारखे आहे. कँटीनच्या मागच्या पिंपाला झाकण बसवता येईल. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात झाडे लावतो, तसे एक वर्ष पालिकेला आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून एखाद्या वाडीत कुत्र्यांना लस टोचून घेता येईल. कुत्रा चावल्यावर काय करावे याचा एक कागद प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या घरी वाचून दाखवला तरी पुष्कळ झाले. आमच्या घरी तो कागद आता मोरीच्या भिंतीवर आहे, साबणाच्या वर.

तांबू सोनिवलीत आहे. पहिला आठवडाभर भाऊ खाटेवरून खाली उतरत नव्हता. आता तोच तिला दोरी बांधून नदीच्या बाजूला फिरवून आणतो. आजी अजूनही दुपारी सवयीने दारातून चतकोर भिरकावते, आणि मग तांबू घरातच आहे हे आठवून उठून आत आणते.

ग्रंथालयाच्या मागे दोन पिल्ले अजून आहेत, एक काळे आणि एक ठिपक्यांचे. आदेशाप्रमाणे त्यांनाही जावे लागेल. ज्या कोणाला घ्यावेसे वाटेल त्याने मला जरूर भेटावे. मात्र येण्यापूर्वी आपल्या आईला विचारून यावे.