दाव्यांचा धाक आणि वेगाचा छंद

अमेरिकेत मोटार हे केवळ वाहन नाही, तो अनेकांचा छंद आहे. इंजिनाची शक्ती वाढविणारे सुटे भाग बसवून सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या धावपट्टीवर गाडी पळविणारे हौशी चालक तेथे असंख्य आहेत. मात्र त्यांच्यासाठी गाड्या व सुटे भाग बनविणाऱ्यांवर भरपाईच्या दाव्यांची टांगती तलवार कायम असते.

जून २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील फोंटाना येथील धावपट्टीवर पोर्श कॅरेरा जीटी ही सहाशेहून अधिक अश्वशक्तीची गाडी भिंतीवर आदळली. चालक व सहप्रवासी दोघेही मरण पावले. धोक्याची जाणीव असल्याच्या कागदावर सहप्रवाशाने सही केलेली होती. तरीही दावा उभा राहिला. घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा गाडीत नाही, हा निर्मात्यावरील एक आक्षेप होता. कसलेल्या चालकांपैकी अनेकांना त्या गाडीचे आकर्षण वाटे ते नेमके याच कारणाने! २००७ मध्ये सुमारे ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. बहुतेक भार चालकाची मालमत्ता व धावपट्टीची बाजू यांच्यावर पडला. पोर्शचा वाटा ८ टक्क्यांच्या आसपास होता.

मग उत्पादकांना मोकळे रान द्यावे काय? मुळीच नाही. १९७२ मध्ये मागून धडक बसलेल्या फोर्ड पिंटोने पेट घेतला. इंधनटाकीतील धोका कंपनीला आधीच ठाऊक होता, हे खटल्यात उघड झाले. तेथे दावा हेच सामान्य माणसाचे शस्त्र ठरले.

प्रश्न आहे तो तारतम्याचा. बडी कंपनी वकिलांची फौज उभी करते. छोटा कारखानदार विम्याचा हप्ता किमतीत मिळवितो किंवा ते उत्पादनच बंद करतो. हौशी चालकाच्या हाती मग महाग माल तरी उरतो किंवा काहीच नाही. दाव्यांच्या खर्चाचे कारण देऊन सेस्ना कंपनीने १९८६ मध्ये छोटी पिस्टन विमाने बनविणे थांबविले होते. १९९४ च्या कायद्याने छोट्या विमानांच्या निर्मात्यांवरील दाव्यांना १८ वर्षांची मर्यादा घातली, तेव्हा ते उत्पादन पुन्हा सुरू झाले.

भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादन-दायित्व आणले. वस्तूचा गैरवापर वा तीत फेरफार झाला असेल, तर विक्रेत्यावर दावा चालत नाही, असा अपवादही त्यात आहे. दडविलेल्या दोषाला शिक्षा हवीच. परंतु जाणतेपणी पत्करलेल्या धोक्याची जबाबदारी पत्करणाऱ्यानेच उचलली पाहिजे. हा विवेक सुटला, तर न्यायाच्या नावाखाली उद्यमशीलतेचाच बळी जाईल.