मोहिमेनंतरचा मुक्काम

शौर्याच्या गोष्टी सांगणारे लोक एक भाग हमखास गाळतात. गड सर झाला, खजिना हाती लागला, इथवर ते रंगवून सांगतात. पण दुसऱ्या दिवशी त्या वीराने फाटका अंगरखा कोणाकडून शिवून घेतला आणि वाण्याची उधारी भागवली की नाही, याबद्दल चकार शब्द नाही! मुले मात्र हे विसरत नाहीत. आमच्या साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी दिवाळीत घरोघरी मातीचे किल्ले होतात. वर महाराज आणि मावळे असतात, पण खाली विहीर, हळिवाचे शेत आणि भाजीवाली हवीच.

यंदा आमच्या माडीवर आणखी एक मोहीम चालू होती. सांगलीचा पुतण्या दोन मित्रांना घेऊन सुट्टीला आला, इथले दोघे त्यांना मिळाले आणि 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ सुरू झाला. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. एकाने सूत्रधार व्हायचे, बाकीच्यांनी पात्रे. कोण काय करतो ते तोंडानेच सांगायचे. जमले की फसले ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. सांगलीकरांना यात नवल वाटू नये. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी तिथे 'सीतास्वयंवर' केले, तेव्हाही पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी रचत.

राक्षसांची कत्तल ऐकायला मिळेल म्हणून मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो. पुतण्या म्हणाला, "आज भुयार नाही, काका. आज गावात मुक्काम."

मुक्कामालाही नियम आहेत! २०१४ सालच्या त्यांच्या पुस्तकाप्रमाणे बेताने राहायचे तर रोज एक सुवर्णमुद्रा, जरा सुखात राहायचे तर दोन. नवी भाषा शिकायची तर २५० दिवस आणि २५० मुद्रा. चकल्यांचे ताट घेऊन आलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकले आणि विचारले, "या रोजच्या एका मुद्रेत दिवाळीचे तेल धरलेय का?" पाचही वीर निरुत्तर झाले.

मांत्रिकाने ग्रंथालय गाठले. वैद्य जखमा बांधत बसला. चोर पुढच्या खजिन्याचा सुगावा काढायला बाजारात शिरला. राहिला लढवय्या. तो सांगलीचाच, अबोल मुलगा. सूत्रधाराने विचारले, "तुझ्याकडे दोनशे मुद्रा आहेत. काय करतोस?"

"घर घेतो. टेकडीवर. जोते उंच, दगडी."

"अरे, या गावाला नदीसुद्धा नाही!"

"नसू दे."

कोणी हसले नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा या मुलाच्या घराचा तळमजला बुडाला होता. तो तेव्हा सहावीत होता. दप्तर, कपाट, आजीचा पाट, सगळे चिखलात गेले. हे मला नंतर पुतण्याने सांगितले. त्या मुलाने नव्हे.

थोड्या वेळाने चोर म्हणाला, "माझ्या पन्नास घाल. अट एकच, माडीवरची एक खोली माझी." मग वैद्याने तीस दिल्या. मांत्रिकाने भाषेची शिकवणी पुढे ढकलली. घर झाले की नाही, हे ठरवायला सूत्रधाराने फासा उचललाच नाही. वहीत त्याने घराचा नकाशा काढला आणि विचारले, "देवघर कुठे काढू?" त्यावर मात्र अर्धा तास वाद झाला.

आपल्याकडे पूर्वी हाच क्रम होता. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मुलूखगिरीवर निघत आणि पावसाळ्याच्या तोंडाला परतत. पुष्कळसे शिलेदार मग नांगराला लागत. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ साली साताऱ्याच्या किल्ल्यावर झाला; पण पुढे त्यांनी शहर वसवले ते गडाखाली, पेठा आखून. माणसांना नांदायला सपाटी लागते.

आता मुलूखगिरीची ठाणी पुणे, बंगळूर आणि त्याहून लांबची झाली आहेत. तुमच्या घरचा शिलेदारही दिवाळीला चार दिवस मुक्कामाला येईल. आपण त्याला दारातच विचारतो, पगार किती वाढला, बढती कधी. ते तो सांगेलच. वाचकहो, त्याआधी त्याला अभ्यंगस्नान घाला, पोटभर जेवू द्या आणि झोपू द्या. जाण्यापूर्वी एखाद्या रात्री तो आपणहून काही बोलू लागला, तर उद्याच्या गाडीची आठवण करून देऊ नका.