सेल बदलायला जाणार कोण?

मुंजीत घड्याळ देण्याची पद्धत आता जवळजवळ गेलीच. जावयाला मात्र अजून देतात, आणि दहावीचा निकाल लागला की एखादी आत्या हमखास विचारते, "पोराला घड्याळ घ्यावं म्हणते, कुठलं घेऊ?" गेली काही वर्षं माझं उत्तर ठरलेलं आहे. सोलर घे. साधं घे, पण सोलर घे! त्यावर पलीकडून दोन प्रश्न येतात, तेही ठरलेले. "मोबाईल असताना घड्याळ हवंय कशाला?" आणि "ते पावसाळ्यात चालतं का?" म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं, म्हणजे दर वेळी फोनवर अर्धा तास जाणार नाही.

मोबाईलचं उत्तर सोपं आहे. वेळ बघायला मोबाईल काढला की वेळ सोडून बाकी सगळं दिसतं. पंधरा मिनिटांनी खिशात परत ठेवताना लक्षात येतं, अरे, किती वाजले ते बघायचं राहूनच गेलं. मनगटावर नुसतं बघायचं असतं.

मग स्मार्ट घड्याळ? हौस असेल तर जरूर घ्या. पण ते रोज नाहीतर दर काही दिवसांनी चार्जिंगला लावावं लागतं, आणि घरात आधीच चार चार्जर एका प्लगसाठी भांडत असतात. शिवाय काही वर्षांनी त्याची बॅटरी थकली की सगळं घड्याळच जुनं झालं असं आपल्याला सांगण्यात येतं.

राहिलं आपलं नेहमीचं सेलवालं घड्याळ. यात वाईट काहीच नाही. सेल दोन-तीन वर्षं सहज जातो आणि किंमतही फार नसते. खरा घोटाळा सेल बदलताना होतो. घड्याळाचं मागचं झाकण आणि केस यांच्यामध्ये रबराची एक बारीक रिंग असते. पाणी आत जाऊ न देण्याचं काम तीच करते. झाकण उघडलं की ती रिंग तपासून, गरज असेल तर बदलून, नीट बसवायला हवी. गर्दीच्या वेळी टेबलावर दोन मिनिटांत सेल बदलून देणाऱ्याकडून ही अपेक्षा कशी करणार? माझं एक चांगलं घड्याळ असंच गेलं. सेल बदलून आणला, महिन्याभरात पाऊस सुरू झाला, आणि काचेच्या आतून वाफ धरली. दुकानदार म्हणाला, "साहेब, पाण्यात घातलं असेल." मी घातलं नव्हतं, पण वाद कुठे घालायचा?

सोलर घड्याळाचा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच, की ते वर्षानुवर्षं उघडावं लागत नाही. सूर्य, पर्यावरण वगैरे सगळं नंतर!

आत असतं काय? तबकडी प्रकाश थोडा आत सोडते. तिच्याखाली सिलिकॉनची पातळ चकती असते. ती वीज तयार करते आणि ती वीज पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या छोट्या सेलमध्ये साठते. बाकी यंत्र नेहमीचंच क्वार्ट्झ. हे काही कालपरवाचं खूळ नाही. सिटिझनने प्रकाशावर चालणारं काट्यांचं घड्याळ १९७६ साली आणलं होतं. १९६१ साली बंगळूरला आपल्या एचएमटीची घड्याळं सुरू झाली तीही याच सिटिझनच्या सहकार्याने, म्हणजे घराणं ओळखीचं आहे. पुढे नव्वदच्या दशकात त्यांनी 'इको-ड्राइव्ह' हे नाव रूढ केलं. कॅसिओवाले आपल्या तंत्राला 'टफ सोलर' म्हणतात.

आता पावसाळा. कॅसिओच्या ५६०० जातीच्या सोलर जी-शॉकबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत एका दिवसाच्या वापराला किती उजेड लागतो ते दिलेलं असतं. उघड्या उन्हात ५ मिनिटं. खिडकीतून येणाऱ्या उन्हात २४ मिनिटं. ढगाळ दिवशी खिडकीपाशी ४८ मिनिटं. ऑफिसातल्या ट्यूबलाइटखाली मात्र ८ तास. आणि एकदा पूर्ण भरलं की उजेड न मिळताही साधारण दहा महिने चालतं. दहा महिन्यांचा पावसाळा अजून चेरापुंजीलाही झालेला नाही. फक्त कपाटातल्या डब्यात कोंडून ठेवू नका, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर तापतही ठेवू नका. लांब बाह्यांचे शर्ट घालणाऱ्यांनी रात्री काढलेलं घड्याळ खिडकीत ठेवावं. झालं.

कुठलं घ्यावं? विद्यार्थ्याला किंवा रोजच्या धकाधकीला कॅसिओचं एक्यू-एस८१० बघा. काटे आहेत, आकडे आहेत, १०० मीटरपर्यंतची जलरोधकता आहे, आणि किंमत सोलर जी-शॉकच्या मानाने बरीच कमी. जावयाला द्यायचं तर इको-ड्राइव्हमधलं साधं, तीन काट्यांचं. '३० मीटर' लिहिलं असेल तर ते हात धुण्यापुरतं समजा, पोहण्यासाठी नाही. आणखी एक. रेडिओ संदेशावरून आपोआप वेळ जुळवणारी महाग मॉडेल्स मिळतात. ते संदेश देणारी केंद्रं जपानात दोन आणि चीन, अमेरिका, इंग्लंड, जर्मनीत एकेक. भारतात एकही नाही. तेव्हा पुण्यातल्यांनी त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. अमेरिकेतल्या भाच्यांनी खुशाल मोजावेत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आतला सेल अमर नाही. बऱ्याच वर्षांनी तोही थकतो, आणि तेव्हा त्याच जातीचा सेल, जाणत्या माणसाकडूनच बसवावा लागतो. तिथे साधा सेल चालत नाही. जुनी चावीची एचएमटी कोपऱ्यावरचा घड्याळजी उघडायचा, साफ करायचा, आणि ती आणखी दहा वर्षं चालायची. ते सुख इथे नाही. ज्याला घड्याळाची निगा राखायची आवड आहे त्याने चावीचंच घ्यावं, मी हात जोडतो.

पण आपल्यापैकी बहुतेकांना ती आवड नसते, आणि काहींना ते जमण्यासारखं नसतं. आपल्या कितीतरी घरांत आता आई-वडील एकटेच राहतात. घड्याळ बंद पडलं की "राहू दे, काय एवढं अडलंय" म्हणून ते ड्रॉवरमध्ये जातं, आणि मुलगा डिसेंबरात येईपर्यंत तिथेच पडून राहतं. सकाळची गोळी किती वाजता घेतली ते मग अंदाजाने. सेल पन्नास रुपयांचा असो की दोनशेचा, प्रश्न त्या पैशांचा नसतोच. जिना उतरून, रिक्षा करून, बाजारात जाऊन तो बदलून आणणार कोण, हा असतो.

म्हणून घड्याळ भेट देताना त्याच्याबरोबर एक काम भेट देऊ नये, एवढंच माझं म्हणणं. आकडे मोठे असलेलं, वजनाला हलकं, सोलर घड्याळ घ्या, स्वतः वेळ लावून द्या, आणि "रात्री खिडकीत ठेवत जा" इतकंच सांगा.