राखीव प्रतीची निवड

घरचे हिशेब, दस्तऐवज व छायाचित्रें यांची राखीव प्रत आंतरजालावर ठेवणें आतां सुलभ आहे. निवड मात्र विवेकानें करावी. नुसतें ‘सिंक’ म्हणजे रक्षण नव्हे; येथें पुसलेलें तेथेंही पुसलें जातें. म्हणून जुन्या आवृत्त्या राखणारी सेवा घ्यावी. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समध्यें स्ट्रासबर्ग येथें ओव्हीएचक्लाउडचें संग्रहगृह जळालें, तेव्हां मूळ व राखीव प्रत एकाच आवारांत ठेवणाऱ्या कित्येकांची सामग्री कायमची गेली. यास्तव एक प्रत घरीं निराळ्या डिस्कवर व एक परस्थळीं असावी. सांकेतिक किल्ली घरांतील दोघांस तरी ठाऊक असावी. व्यापाऱ्यानें सर्व सामग्री किती तासांत परत मिळेल, हें आधींच विचारावें. जी ठेव कधीं परत मागून पाहिली नाहीं, ती आहे असें समजूं नये.