गच्चीवरचा सूर्य

लेबाननमध्ये घरोघरी सौर पॅनेल बसले, याचे कौतुक अलीकडे फार होते. आम्हांला ते मानवत नाही.

या चिमुकल्या देशाचे जवळजवळ सारे इंधन परदेशांतून येते. २०१९ साली बँकांनी ठेवीदारांचे पैसे अडकविले, चलन कोसळले, तेलासाठी सरकारजवळ डॉलर उरले नाहीत. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी देर अम्मार व झहरानी ही दोन मुख्य वीजकेंद्रे इंधनाअभावी थांबली आणि देश अंधारात बुडाला. लोकांनी आपापल्या गच्च्या गाठल्या.

हा स्वावलंबनाचा विजय म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो: पॅनेल, इन्व्हर्टर, बॅटऱ्या यांसाठी रोख डॉलर होते कोणापाशी? बहुधा ज्यांची मुले परदेशी कमावती, त्यांच्यापाशी. बाकीचे खासगी जनरेटरवाल्याचे बिल भरत राहिले. बैरुतच्या बहुमजली इमारतीत बिऱ्हाडे अनेक, गच्ची एक. आधी चढला तो धनी! (सोसायटीच्या गच्चीवरून भांडणाऱ्या आमच्या वाचकांना हे निराळे सांगायला नको.) दुपारी बॅटरी भरली की उरलेली वीज वाया जाते, कारण ती वाहून न्यायला सरकारी तारा बहुतेक वेळ मृतच, आणि खालच्या मजल्यावर शेजारणीचा फ्रिज बंद.

अशी वीज एकमेकांस विकण्याची मुभा देणारा कायदा डिसेंबर २०२३ मध्ये झाला. परवाने द्यायचे वीज नियामक मंडळाने. ते मंडळ २००२ च्या कायद्यात होते. २०२४ संपले तरी नेमले गेले नव्हते.