पाऊण तासाचं विमान, पावणेपाच तासांचा प्रवास

मुंबई-शिर्डी, विमानाने जेमतेम पाऊण तास! १ ऑक्टोबर २०१७ला शिर्डी विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हा मुंबईत नोकरी करणाऱ्या कोपरगाव-राहात्याच्या पोरांनी कॉलर टाइट केली. आता वीकेंडला घर म्हणजे काय, हे असं!

पण बॉस, जरा हिशेब मांडा. दादरहून एअरपोर्टला तासभर. तिथे दोन तास आधी हजेरी. उड्डाण पाऊण तास. विमानतळ आहे काकडी गावात, शिर्डीपासून १४ किलोमीटरवर. म्हणजे बॅग, गाडी, रस्ता मिळून आणखी एक तास. टोटल? पावणेपाच तास!

फेब्रुवारी २०२३मध्ये सुरू झालेली वंदे भारत सीएसएमटीहून साईनगर शिर्डीला जाते साधारण सव्वापाच तासांत. जून २०२५पासून समृद्धी महामार्गही भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत आलाय. मग विमानाने वाचवलं काय?

हैदराबादला नोकरी असेल, तर मात्र गणित उलटं. रेल्वेत अख्खी रात्र जाते, विमान दीड तासाच्या आत उतरतं. तिथे खुशाल उडा.

थोडक्यात, तिकिटावर छापलेली वेळ विमानाची असते, तुमची नाही. तुमची वेळ दारापासून दारापर्यंत मोजायची. वीकेंडचे तास मोजून ४८, त्यातले किती रांगेत घालवायचे ते आधीच ठरवा. आई काही फ्लाइट टाइम विचारत नाही. ती विचारते, ‘जेवायला पोचशील ना?’