तो काळ कुणासाठी बरा होता?

'टोटली किलर' हा २०२३ चा अमेरिकन सिनेमा मी मेहकरला मोबाइलवर पाहिला. मुखवटा घालून मुलींना भोसकणाऱ्या खुन्याला रोखायला एक मुलगी काळ ओलांडून १९८७ मध्ये, आईच्या तरुणपणात जाते. भीती आहे, हशाही आहे. पण सगळे ज्याचे गोडवे गातात, त्या काळात पोचल्यावर तिथली मुलींशी वागण्याची रीत पाहून ती हादरते.

आपल्याकडेही 'तो काळच वेगळा' हे पालुपद आहेच. १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' मलाही आवडतो. पण मैत्रिणींनो, त्याच दशकात 'स्टोव्हचा भडका' हे शब्द बातम्यांत रुळले होते. आपला खुनी मुखवटा घालत नव्हता; तो त्याच घरात जेवायला बसत होता. १९८७ मध्येच राजस्थानात देवराळ्याला अठरा वर्षांची रूपकंवर पतीच्या चितेवर जळाली आणि जमाव जयजयकार करत राहिला.

या दशकात चांगलं घडलं ते बायका रस्त्यावर उतरल्या म्हणून. १९८३ मध्ये ४९८-अ आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब. हसण्याचं मला वावडं नाही. स्त्री मुक्ती संघटनेच्या १९८३ च्या 'मुलगी झाली हो'नेही लोकांना हसवलंच, पण रूढीला.

म्हणून पुढच्या बैठकीत आईला, सासूला, शेजारच्या मावशीला विचारू या: तेव्हा काय बरं होतं, आणि कुणासाठी? त्या काळात जायला आपल्याला यंत्र नको. त्या तिथूनच आल्यात.